देवनागरीतील समजाड अक्षरवळण : स्वरूप, वाटचाल आणि उपयोग
(पाचोरा परिसरातील स्थलनामांच्या आधारे एक अभ्यास)

१. प्रस्तावना

मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील पाचोरा हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. येथून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर या गावांवरून जामनेरपर्यंत ७६२ मिलिमीटर रुंदीचा अरुंदमापी लोहमार्ग जात असे. त्यावरील प्रवासी गाडी २०२० साली बंद झाली. या परिसरातील अनेक पिढ्यांनी छापील पुस्तकाच्या बाहेरचे पहिले मोठे अक्षर पाहिले ते रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर. रेल्वेच्या प्रथेप्रमाणे अशा फलकावर काळ्या रंगात मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषांत गावाचे नाव असते. त्यातील इंग्रजी अक्षरांना टोकाशी कोणतेही फाटे नसतात व त्यांच्या सर्व रेषा जवळजवळ सारख्याच जाडीच्या असतात. या प्रकारच्या रोमन अक्षरास ‘सॅन्स सेरिफ’ म्हणतात. त्याच फलकावरील देवनागरी अक्षरही बहुधा एकाच जाडीच्या रेषेने काढलेले असते. मात्र त्याला कोणत्या नावाने ओळखावे, त्याचे गुणदोष कोणत्या निकषांवर ठरवावेत, याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही.

आज हा प्रश्न केवळ कलाशिक्षणाचा राहिलेला नाही. महाविद्यालयाची सूचना, विद्यार्थ्याचा प्रबंध, दुकानाची पाटी, भ्रमणध्वनीचा पडदा, या सर्व ठिकाणी मराठी मजकूर कोणत्या अक्षरात दिसावा याची निवड आता प्रत्येक जण करीत असतो. पूर्वी ही निवड छापखान्याचा मालक करीत असे. निवड करणारे हात वाढले, परंतु निवडीचे ज्ञान त्या प्रमाणात वाढले नाही. प्रस्तुत निबंधात पुढील तीन उद्दिष्टे समोर ठेवली आहेत : (अ) देवनागरीच्या संदर्भात ‘सॅन्स सेरिफ’ या संज्ञेचा नेमका अर्थ निश्चित करणे, (आ) या वळणाची ऐतिहासिक वाटचाल मांडणे, आणि (इ) ‘मुक्ता’ हा अक्षरसंच प्रमुख उदाहरण म्हणून घेऊन व परिसरातील स्थलनामांची कसोटी लावून या वळणाचे उपयोग व मर्यादा स्पष्ट करणे.

२. संज्ञेची निश्चिती

रोमन अक्षराच्या रेषेच्या टोकाशी जो लहानसा आडवा फाटा असतो त्यास ‘सेरिफ’ असे म्हणतात. रोमन साम्राज्यातील शिलालेखांपासून ही परंपरा चालत आली आहे. हा फाटा वगळून केलेला पहिला छापील टाईप विल्यम कॅस्लन चौथा याने १८१६ साली लंडन येथे नमुना म्हणून दाखविला. ‘सॅन्स सेरिफ’ हे नाव व्हिन्सेंट फिगिन्स याने १८३० च्या दशकात रूढ केले. प्रारंभी हे अक्षर जाहिराती व भित्तिपत्रके यांपुरतेच होते. विसाव्या शतकात मात्र त्याला प्रतिष्ठा लाभली. एडवर्ड जॉन्स्टन याने १९१६ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी केलेले अक्षर, पॉल रेनर याचा ‘फ्यूचुरा’ (१९२७), एरिक गिल याचा ‘गिल सॅन्स’ (१९२८) आणि १९५७ साली आलेले ‘हेल्वेटिका’ व ‘युनिव्हर्स’ हे त्या वाटचालीतील महत्त्वाचे टप्पे होत.

देवनागरीत सेरिफ नाही. शिरोरेषा हा सेरिफ नव्हे. ती अक्षराचे अंग आहे व शब्दाला एकत्र बांधणारी रेषा आहे. जेथे सेरिफच नाही तेथे ‘सेरिफविरहित’ हे विशेषण शब्दशः निरर्थक ठरते. तरीही व्यवहारात ‘सॅन्स देवनागरी’ असा प्रयोग होतो. त्यातून जे सुचवायचे असते ते निराळेच आहे. पारंपरिक देवनागरी अक्षरात बोरूच्या तिरकस कापलेल्या टोकामुळे रेषा कोठे जाड तर कोठे बारीक होते. हा जाड-बारीक भेद काढून टाकून, किंवा डोळ्यांना जाणवणार नाही इतका कमी करून काढलेले अक्षर म्हणजे ‘सॅन्स’ देवनागरी. म्हणून या निबंधात त्यासाठी ‘समजाड वळण’ अशी संज्ञा योजली आहे.

हा भेद लक्षात घेणे महत्त्वाचे आहे. रोमन लिपीत सॅन्स सेरिफ करताना अक्षराच्या टोकाचा एक अलंकार जातो. देवनागरीत समजाड वळण करताना लेखणीची खूणच जाते, म्हणजे अक्षराच्या संपूर्ण देहाचा पोत बदलतो. त्यामुळे रोमन सॅन्स सेरिफचे नियम जसेच्या तसे देवनागरीस लावता येत नाहीत.

३. दगड, बोरू आणि खिळा

समजाड रेषा ही आधुनिक काळाची किंवा पश्चिमेची देणगी आहे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. तो तपासून पाहिला पाहिजे. जामनेर मार्गावरील पहूर स्थानकापासून जवळच असलेल्या अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीतील प्राचीन लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या ब्राह्मी अक्षरांची रेषा सामान्यतः एकाच जाडीची असते. छिन्नीने कोरलेल्या त्या रेषेला लेखणीचे वळण अद्याप लागलेले नव्हते. देवनागरी ज्या लिपीपासून उत्क्रांत झाली ती लिपी अशा प्रकारे समजाड होती. पुढे भूर्जपत्र, ताडपत्र आणि कागद यांवरील लेखनामुळे साधन बदलले आणि साधनाबरोबर रेषाही बदलली. बोरूचे टोक तिरपे कापले की आडव्या व उभ्या रेषा भरीव येतात आणि एका दिशेची तिरकी रेषा बारीक होते. पोथ्यांतील बालबोध अक्षराचे सौंदर्य या लयीतच आहे.

छपाई आली तेव्हा खिळ्यांनी या पोथीच्या अक्षराचेच अनुकरण केले. श्रीरामपूर येथे १८०५ साली विल्यम केरीचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, त्यात देवनागरी खिळे वापरले होते. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापात तर लेखकाचे हस्ताक्षरच दगडावर उतरत असे. देवनागरी खिळ्यांना खरे स्थैर्य व सौष्ठव दिले ते जावजी दादाजी यांनी. त्यांनी १८६४ साली टाईप ओतण्याचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कुशल कारागिराची त्यांना साथ होती. निर्णयसागरच्या टाईपात बोरूचा जाड-बारीक भेद धातूमध्ये इतक्या काटेकोरपणे उतरला की पुढे शंभर वर्षे मराठी व संस्कृत ग्रंथांचे ‘छापील अक्षर’ म्हणजे तेच, असे समीकरण झाले.

खानदेशही या मुद्रणसंस्कृतीपासून दूर नव्हता. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली जळगावहून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले. जिल्ह्याच्या गावातून अशा स्वरूपाचे मासिक दीर्घकाळ निघू शकले, यावरून खिळ्यांच्या छपाईचा प्रसार किती झाला होता हे ध्यानात येते. मात्र या काळात जुळाऱ्याच्या समोरच्या घरांत शेकडो प्रकारचे खिळे असत. जोडाक्षरे, मात्रा, रफार यांमुळे देवनागरीचा एकच आकाराचा एक संच बाळगणे हेच खर्चाचे काम होते. त्यामुळे एकाच अक्षराच्या पाच-सात जाड्या बाळगणे ही कल्पना सामान्य छापखान्याच्या आवाक्याबाहेरची होती. बापूराव नाईक यांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या तीन खंडांच्या ग्रंथात (१९७१) देवनागरी मुद्राक्षरांच्या या गुंतागुंतीचा सविस्तर परामर्श घेतलेला आहे.

४. फलकावरील अक्षर

पुस्तकात बोरूची लय टिकून राहिली, परंतु रस्त्यावर निराळेच घडत होते. पाटी रंगविणारा पेंटर चपट्या ब्रशने व पट्टीने अक्षर काढतो. त्याच्या दृष्टीने अक्षर दुरून वाचता आले पाहिजे, उन्हात व पावसात टिकले पाहिजे आणि ठरलेल्या पट्टीत बसले पाहिजे. बारीक रेषा दुरून नाहीशी होते आणि तिचा रंगही लवकर उडतो. या व्यावहारिक कारणांनी पेंटरने रेषेची जाडी सारखी केली. ट्रकच्या पाठीवरील मजकूर, शाळेच्या भिंतीवरील सुविचार, सहकारी संस्थांची नावे, मैलाचे दगड, एस. टी. गाडीवरील गावांच्या पाट्या, या सर्व ठिकाणी समजाड वळणाची देवनागरी दिसू लागली. याचा अर्थ असा की, छापखान्याने किंवा संगणकाने स्वीकारण्यापूर्वीच महाराष्ट्रातील सामान्य वाचकाला या वळणाची ओळख झालेली होती. ती ओळख करून देणाऱ्या कारागिरांची नावे मात्र मुद्रणाच्या इतिहासात नोंदली गेली नाहीत.

हाताने काढलेल्या अक्षराची दुसरी एक प्रतिष्ठित धारा मराठी नाटकांच्या जाहिरातींत होती. कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी नाटकाच्या आशयानुसार अक्षराचे रूप बदलण्याची परंपरा निर्माण केली. या अक्षरांचे वैशिष्ट्य असे की, ती एकाच शीर्षकापुरती असतात. फलकाचे अक्षर याच्या नेमके उलट आहे. त्याला कोणत्याही नावासाठी, कोणत्याही गावी सारखेच उभे राहावे लागते. सार्वजनिक अक्षराचे हे निर्ममत्व हाच समजाड वळणाचा मूळ गुण होय.

५. रोमनच्या जोडीने आलेली देवनागरी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समजाड देवनागरीचा विचार अभिकल्पाच्या शिक्षणसंस्थांत सुरू झाला. ‘युनिव्हर्स’चे कर्ते अद्रियन फ्रुटिगर आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील महेंद्र पटेल यांनी देवनागरीच्या साध्या, कमी भेदाच्या वळणावर केलेले काम या दृष्टीने उल्लेखनीय आहे. त्यामागील प्रेरणा स्पष्ट होती. रोमन अक्षर सॅन्स सेरिफ झाले असताना त्याच्या शेजारी बसणारी देवनागरी पोथीच्या वळणाची असेल, तर एकाच फलकावर दोन काळ उभे असल्यासारखे वाटे.

संगणकाने या प्रेरणेला निकड दिली. प्रारंभीच्या पडद्यांवर ठिपके थोडे असल्यामुळे बारीक रेषा तुटत असे. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी अभिकल्पित केलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० या प्रणालीबरोबर आला. पडद्यावर वाचता यावा म्हणून त्यातील जाड-बारीक भेद कमी ठेवलेला आहे. मराठी भाषकांच्या एका संपूर्ण पिढीने युनिकोड मराठी प्रथम पाहिली ती याच अक्षरात. परंतु प्रारंभी तो एकाच जाडीत उपलब्ध होता. शीर्षकासाठी ठळक अक्षर हवे असल्यास यंत्रच त्याला कृत्रिमरीत्या जाड करी आणि अक्षरांच्या पोकळ्या बुजत. पडद्यासाठी केलेले हे अक्षर छापील प्रबंध, लग्नपत्रिका आणि फलक अशा सर्वच कामांसाठी सरसकट वापरले गेले, हा दोष अक्षराचा नसून वापराचा होय.

त्याच काळात मराठी युनिकोडमधील काही विशिष्ट अडचणीही दूर होत गेल्या. ‘अॅ’ऐवजी स्वतंत्र ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत (२००८) स्थान मिळाले. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये प्रमाण मराठी वर्णमाला व लिपीविषयी निर्णय प्रसिद्ध केला आणि ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे निश्चित केली. हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये मराठी मजकूर लिहिल्यास ही दोन अक्षरे परकी वाटतात, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

६. ‘मुक्ता’ : रचनेचे स्वरूप

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या ‘एक टाईप’ या समूहातून आलेल्या ‘मुक्ता’ या अक्षरसंचाचा विचार करावा लागतो. गिरीश दळवी व यशोदीप घोलप हे त्याचे अभिकल्पक होत. प्रथम ‘एक मुक्ता’ या नावाने तो खुल्या परवान्याखाली उपलब्ध करून देण्यात आला. त्याची चार वैशिष्ट्ये येथे नमूद करता येतील.

पहिले, तो समजाड वळणाचा आहे. परंतु ‘समजाड’ याचा अर्थ फूटपट्टीने मोजलेली समानता असा नव्हे. मानवी डोळ्याला समान जाडीची आडवी रेषा उभ्या रेषेपेक्षा किंचित जाड भासते. त्यामुळे जाडी सारखी दिसावी म्हणून आडवी रेषा थोडी बारीक करावी लागते. दोन रेषा जेथे मिळतात तेथे काळा ठिपका साचू नये म्हणून रेषा सांध्याशी निमुळती करावी लागते. चांगल्या समजाड अक्षराची समानता ही अशा सूक्ष्म असमानतेतून साधलेली असते.

दुसरे, त्याच्या वळणात हाताच्या लेखनाचा आठव राखलेला आहे. सर्व गोलाई कंपासाने काढल्यासारखी भूमितीय ठेवण्याचा मार्गही उपलब्ध आहे. निनाद काळे यांनी देवनागरी भाग केलेला ‘पॉपिन्स’ हा त्याचा नमुना होय. तेथे एकसारख्या वर्तुळांमुळे शीर्षकाला नेटकेपणा येतो. दीर्घ मजकुरात मात्र अक्षरे परस्परांहून पुरेशी वेगळी राहणे आवश्यक असते आणि त्यासाठी हाताच्या वळणाचा आधार उपयुक्त ठरतो.

तिसरे, त्यात अतिबारीकपासून अतिठळकपर्यंत सात जाड्या आहेत. खिळ्यांच्या काळात जी गोष्ट सामान्य छापखान्यास अशक्यप्राय होती ती येथे विनामूल्य हाती येते. मजकूर, उपशीर्षक, शीर्षक, तळटीप यांची श्रेणी एकाच कुलातील अक्षरांनी दाखविता येते. त्याच कुलात गुजराती, गुरुमुखी व तमिळ लिपींचे भाऊबंदही आहेत. गुजरातला लागून असलेल्या खानदेशात मराठी-गुजराती अशा जोडपाट्या अनेकदा लागतात, हे लक्षात घेता ही सोय लहान नाही.

चौथे, त्याचा परवाना. तो वापरण्यास, इतरांना देण्यास आणि त्यात बदल करण्यास मुभा आहे. केवळ फॉन्ट म्हणून स्वतंत्रपणे त्याची विक्री करता येत नाही. युनिकोडपूर्व काळात एका संस्थेच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अर्थहीन चिन्हांसारखा दिसे. त्या काळातील कितीतरी लेखन आज उघडता येत नाही. युनिकोड आणि मुक्त परवाना यांच्या संयोगाने हा धोका पुष्कळ अंशी टळला आहे.

७. स्थलनामांची कसोटी

अक्षरसंचाचे गुण नमुना पानावर नव्हे, प्रत्यक्ष नावांत सिद्ध होतात. पाचोरा परिसरातील चार स्थलनामे या दृष्टीने घेतली आहेत. ही नावे वाचकाच्या परिचयाची असून देवनागरीच्या निरनिराळ्या अडचणी त्यांत एकत्र आलेल्या आहेत.

(अ) पाचोरा : या शब्दात ‘प’ आणि ‘च’ या दोन दंडयुक्त अक्षरांचे दोन दंड आणि तीन काने अशा पाच उभ्या रेषा आहेत. ‘र’ला स्वतंत्र दंड नाही. समजाड वळणात या पाचही रेषा सारख्याच जाडीच्या असल्यामुळे शब्दाला कुंपणासारखे रूप येण्याचा संभव असतो. ते टाळण्यासाठी अक्षर व काना यांतील अंतर, तसेच दोन अक्षरांतील अंतर यांची वाटणी काळजीपूर्वक करावी लागते. ‘रा’मध्ये ‘र’च्या खाली उरणारी मोकळी जागा सर्वाधिक असते. ती न सावरल्यास शब्दाचा शेवट सुटा वाटतो. हे नाव सामान्यरूपात आले की ‘पाचोऱ्याला’, ‘पाचोऱ्याचा’ असे होते. येथील अर्ध्या ‘र’चे मराठी रूप, म्हणजे ‘य’च्या आधी जोडलेली आडवी वक्र खूण, हिंदीस आवश्यक नसल्यामुळे काही फॉन्टमध्ये नीट उमटत नाही व त्या जागी रफार दिसतो. ज्या फॉन्टमध्ये स्वतःच्या गावाचे नाव विभक्ती लावून लिहिता येत नाही तो फॉन्ट मराठीसाठी अपुरा मानला पाहिजे.

(आ) भडगाव : ‘भ’ आणि ‘म’ यांतील फरक डावीकडील वरच्या कोपऱ्यात आहे. ‘भ’वर शिरोरेषा तुटलेली असते व तेथे एक लहान वळसा असतो. अक्षर ठळक केले की ही फट अरुंद होते. ती बुजली तर गिरणाकाठचे भडगाव गोव्यातील मडगाव होते. ‘ध’ आणि ‘घ’ यांच्या बाबतीतही हेच घडते. ‘धरणगाव’ व ‘धुळे’ ही नावे त्याच जोखमीची आहेत. बोरूच्या अक्षरात वळशाची सुरुवात बारीक रेषेने होत असल्यामुळे ही फट आपोआप राखली जाई. समजाड वळणात ती अभिकल्पकाला जाणीवपूर्वक राखावी लागते.

(इ) वरखेडी : ‘ख’ हे अक्षर ‘र’ व ‘व’ यांच्या सान्निध्याचा भास निर्माण करते, हा देवनागरीचा जुना दोष आहे. लिपीसुधारणेच्या चर्चांत ‘ख’चे दोन भाग तळाशी जोडण्याचा उपाय त्यासाठीच स्वीकारला गेला. ही जोडणी पारंपरिक अक्षरात बारीक रेषेने होते. समजाड अक्षरात ती इतर रेषांइतकीच जाड होऊन तळाशी गर्दी करते. रेषा फार बारीक केली तर समजाडपणा बिघडतो, फार जाड केली तर पोकळी बुजते. येथे अभिकल्पकाचा तोल दिसून येतो.

(ई) शेंदुर्णी : या नावात पहिल्या अक्षरावर मात्रा व अनुस्वार, दुसऱ्याखाली उकार आणि तिसऱ्यावर वेलांटीसह रफार आहे. शिरोरेषेच्या वर व अक्षराच्या खाली, अशा दोन्ही मजल्यांवर चिन्हे आली आहेत. समजाड वळणात रफार व वेलांटी दोन्ही जाड असल्यामुळे त्या एकमेकींत मिसळण्याची शक्यता वाढते. वरच्या मजल्याची उंची वाढविणे किंवा चिन्हे किंचित बारीक करणे, हे दोनच उपाय उरतात. ओळींतील अंतर रोमन मजकुराच्या सवयीने कमी ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. हा दोष महाविद्यालयीन नियतकालिकांतही वरचेवर आढळतो.

या चार नावांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. देवनागरीतील जाड-बारीक भेद केवळ शोभेसाठी नव्हता. अक्षर-अक्षरांतील फरक राखण्याचे काम तो करीत होता. समजाड वळणात तो काढून घेतल्यावर तेच काम अंतर, पोकळी आणि सांधे यांच्याकडून करून घ्यावे लागते. जो अक्षरसंच ते करतो तो यशस्वी होतो; जो केवळ रेषा सारखी करतो तो फसतो.

८. उपयोग, मर्यादा आणि कायदा

उपयोगांच्या दृष्टीने पाहता, फलक, दिशादर्शक, सूचना, नकाशे, तक्ते, संगणक व भ्रमणध्वनीचे पडदे ही समजाड वळणाची स्वाभाविक क्षेत्रे होत. अक्षर येथे दुरून, घाईत किंवा अल्प प्रकाशात वाचले जाते. दीर्घ गद्य, काव्य व संस्कृत अवतरणे यांसाठी मात्र पारंपरिक भेदयुक्त अक्षर आजही अधिक सुखावह वाटते. वाचकाच्या डोळ्याला त्या लयीची सवय आहे आणि ष्ट्र, क्ष्म, द्ध्य यांसारखी दाट जोडाक्षरे तेथे अधिक उकलतात. पुढील पिढीची सवय बदलू शकेल, कारण ती प्रथम पडद्यावर वाचावयास शिकत आहे. म्हणून हा निर्णय कायमचा मानू नये.

फलकांच्या संदर्भात अलीकडील एक कायदेशीर घटना महत्त्वाची आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती होऊन लहान दुकानांसह सर्व आस्थापनांवर मराठी देवनागरी नामफलक बंधनकारक झाला. तसेच मराठी अक्षरांचा आकार अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावा अशी तरतूद झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अंमलबजावणीसाठी व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. मराठीच्या सार्वजनिक प्रतिष्ठेच्या दृष्टीने ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु ‘आकार’ कोठून कोठपर्यंत मोजावयाचा, हा प्रश्न लिपीच्या रचनेशी निगडित आहे.

रोमन मोठी अक्षरे पट्टीची संपूर्ण उंची व्यापतात. देवनागरी शब्द तीन मजल्यांत विभागलेला असतो : शिरोरेषेच्या वरचा, मधला आणि खालचा. समजा, बारा इंच उंचीच्या दोन पट्ट्यांवर एकीकडे रोमन मोठ्या अक्षरांत व दुसरीकडे देवनागरीत ‘शेंदुर्णी’ लिहिले, आणि वरच्या-खालच्या चिन्हांना मिळून पाच इंच लागले, तर मूळ देवनागरी अक्षरासाठी सातच इंच उरतात. रोमन अक्षर मात्र बारा इंचांचे राहते. मोजपट्टीने दोन्ही समान. डोळ्याला मराठी लहान. ‘पाचोरा’ या नावाखाली कोणतेच चिन्ह नसल्यामुळे तेथे ही हानी कमी होते. म्हणजेच एकाच नियमाने दोन गावांच्या पाट्यांना मिळणारा न्याय सारखा नसतो. संगणकावर दोन्ही लिपींना एकच आकडा दिल्यानेही हेच घडते. यावर उपाय म्हणजे संपूर्ण शब्दाऐवजी शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची हे मोजमापाचे एकक मानणे. समजाड वळणात शिरोरेषा व तळ दोन्ही स्पष्ट असल्यामुळे ही मोजणी करणे सोपे जाते.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) देवनागरीच्या संदर्भात ‘सॅन्स सेरिफ’ ही संज्ञा उसनी व अपुरी आहे. रेषेच्या जाडीतील भेदाचा अभाव हे या वळणाचे खरे लक्षण असून ‘समजाड’ हे विशेषण त्यास अधिक अन्वर्थक ठरते.

(२) समजाड रेषा भारतीय लेखनपरंपरेस परकी नाही. ब्राह्मी शिलालेखांत ती होती. बोरू व खिळा यांच्या काळात ती मागे पडली. पाटी रंगविणाऱ्या कारागिरांनी ती पुन्हा रस्त्यावर आणली आणि संगणकाने तिला घरोघर पोहोचविले.

(३) ‘मुक्ता’सारखे अक्षरसंच या वळणाला अनेक जाड्या, मराठी रूपांचे भान आणि मुक्त परवाना यांची जोड देतात. तथापि कोणत्याही फॉन्टची निवड करण्यापूर्वी मराठीतील विशिष्ट अक्षरे, विशेषतः ‘ऱ्या’, ‘ल’, ‘श’, ‘ॲ’, तसेच भ-म व ध-घ या जोड्या तपासून पाहणे आवश्यक आहे. यासाठी वापरकर्त्याने आपल्याच परिसरातील गावांची नावे लिहून पाहावीत. ही कसोटी सोपी व विश्वसनीय आहे.

(४) महाविद्यालयांनी सूचनाफलक, संकेतस्थळे व प्रश्नपत्रिका यांसाठी समजाड युनिकोड अक्षर आणि नियतकालिके व प्रबंध यांसाठी भेदयुक्त युनिकोड अक्षर, असे साधे धोरण ठरविल्यास वाचनीयता व मजकुराचे जतन हे दोन्ही हेतू साध्य होतील.

(५) नामफलकांवरील मराठी अक्षराच्या आकाराचे मोजमाप शिरोरेषा ते अक्षरतळ या उंचीवर आधारित असावे. अन्यथा कायद्याने दिलेली समानता पट्टीवर राहील, डोळ्यांपर्यंत पोहोचणार नाही.

अक्षर हे भाषेचे केवळ वाहन नव्हे, तिचे सार्वजनिक रूप असते. स्थानकावर उतरणाऱ्या नवख्या प्रवाशाला भडगाव हे भडगावच दिसावे, आणि पाचोऱ्याच्या विद्यार्थ्याला आपल्या गावाचे नाव सर्व विभक्तींत निर्दोष लिहिता यावे, एवढी अपेक्षा कोणत्याही अक्षरसंचाकडून करणे वाजवी आहे.